चौदाव्या दिवसापासून

परवा दत्त मंदिर रोडवर भाजीच्या गाडीपाशी तू भेटलीस. मी हात धरून विचारलं, "कशी आहेस गं?" तू लगेच म्हणालीस, "मी ठीक आहे, ताई." मेथीची जुडी पिशवीत टाकलीस आणि पैसे न देताच चालू लागलीस. भाजीवाल्यानं हाक मारली तशी ओशाळून परत आलीस, फोन काढलास, स्कॅन केलंस, आणि तुला पिनच आठवेना. तुझी बोटं नुसती पडद्यावर थांबली होती. पैसे मी दिले. तू मान खाली घालून गेलीस, आणि मी बराच वेळ तिथंच उभी राहिले. ती थांबलेली बोटं माझ्या ओळखीची होती.

रस्त्यात बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहून देतेय. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल. सध्या चार ओळींच्या पुढे तुझं लक्ष टिकत नसेल, मला माहीत आहे.

तू ठीक नाहीस गं. नवऱ्याला जाऊन साडेचार महिने झालेत, एवढ्यात कुणीच ठीक होत नाही. आणि पिन विसरलीस म्हणून घाबरू नकोस, तुला काही वेड लागलेलं नाही. माणूस गेला की डोक्याचं सगळं बळ एकाच कामाला जुंपलेलं असतं : तो आता नाही, हे शिकायचं. बेल वाजली की वाटतं तो आला, मग आठवतं. कणीक मळताना त्याच्या दोन पोळ्या धरल्या जातात, मग आठवतं. दिवसातून कितीतरी वेळा हा धडा नव्यानं गिरवायचा, आणि वर ऑफिसचे कॉल, लेकीचा डबा, विजेचं बिल. त्यात पिनला जागा कुठून राहणार?

शरीरही आपलं दुःख वेगळं काढतं. पहाटे तीनला झोप मोडते, घास घशाखाली उतरत नाही, जिने चढताना गुडघे गळतात. हे पुष्कळांना होतं. पण छातीत खरोखर कळ आली, दम लागला, तर 'दुःखामुळे असेल' म्हणून घरी बसायचं नाही. जपानी डॉक्टरांनी १९९० साली एक हृदयविकार नोंदवला, ताकोत्सुबो नावाचा. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि ऑक्टोपस पकडायच्या तिकडच्या मडक्यासारखा दिसू लागतो, म्हणून ते नाव. बहुतेक माणसं त्यातून बरी होतात, पण ते डॉक्टरांनी वेळेवर तपासलं तर. दुःखानं ऊर फुटतो असं आपल्याकडे म्हणतात, त्यात शरीराचीही गोष्ट आहे.

तुझ्याकडे तेरा दिवस माणसांची रीघ होती. गावाकडून चुलत्या, मावश्या आल्या. हॉलमधला सोफा गॅलरीत गेला, सतरंज्या अंथरल्या गेल्या, बी विंगमधून पिठलं-भाताचे डबे येत राहिले. दहाव्याला तुम्ही आळंदीला जाऊन आलात. तेरावं झालं, गोडाचा घास झाला, रविवारी रात्रीच्या गाड्यांनी सगळे परतले, कारण सोमवारी ज्याचं त्याचं काम होतं. चौदाव्या दिवशी सकाळी तू दार उघडलंस तेव्हा बाहेर फक्त दुधाची पिशवी होती.

जुन्या माणसांनी ते तेरा दिवस फार समजून लावून दिलेत, असं मला वाटतं. घरात चूल पेटवायची नाही, म्हणजे शेजाऱ्यांनी जेवण आणायलाच हवं. भेटायला आलेल्यानं काही बोलायलाच हवं असं नाही, नुसतं टेकून बसायचं. रडायला मोकळीक. पण ही रीत ज्या गावांत रुजली, तिथं चौदाव्या दिवशीही भोवती तीच माणसं असायची. आडावर भेटायची, गिरणीत भेटायची, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडता निवडता विचारायची. वाकडमध्ये म्हातोबाच्या देवळाभोवतीच्या जुन्या घरांत ते अजून थोडं शिल्लक आहे. आपण राहतो ते वाकड मात्र हिंजवडीच्या आयटी पार्कनं आणि चाकणच्या कारखान्यांनी वसवलेलं. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, कुणी साताऱ्याचं. सगळी माणसं चांगली आहेत, पण बाराव्या मजल्यावरच्या दाराआड काय चाललंय ते अकराव्या मजल्याला कळत नाही. आणि आपण? कुणीतरी येईल, विचारील, अशी वाट बघत बसतो.

म्हणून सांगते, चौदाव्या दिवसापासूनची सोबत आपली आपल्याला मागून घ्यावी लागते. मला ती मागायला सव्वा वर्ष लागलं. तुला तेवढं लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

माझं तुला थोडंफार माहीत आहे, पण सगळं नाही. आमचे हे चाकणला गाड्यांच्या कारखान्यात होते. पहिली पाळी असली की कंपनीची बस साडेचारच्या सुमारास भूमकर चौकात सोडायची, आणि तिथून हे चालत यायचे. एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. ताप आला तेव्हा तीन दिवस घरीच औषधं घेतली. चौथ्या दिवशी दम लागला आणि बेडसाठी फोन सुरू झाले. बेड मिळाला, पण उशीर झाला होता. काचेपलीकडून हलवलेला एक हात, एवढीच माझी शेवटची भेट. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आमच्याकडून मात्र दोघंच जाऊ शकले. माझीही तपासणी पॉझिटिव्ह आलेली, मी खिडकीत उभी. दहावा घाटावर झाला नाही. कावळा शिवायचा राहिला. तेरा दिवस आमच्या दारात कुणी आलं नाही, येऊच शकत नव्हतं.

पुढे सगळे म्हणाले, किती खंबीर आहे. मी कामावर जात होते, मुलाचा अभ्यास घेत होते, सासूबाईंची औषधं आणत होते. फक्त साडेचार वाजले की कान चौकाकडे लागायचे. आणि यांचा फोन मी चालू ठेवला होता. रोज चार्ज करायचे, रिचार्ज मारायचे. बँकेचे ओटीपी त्यावर यायचे हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं. तो नंबर जिवंत होता तोवर ते पूर्ण गेले नव्हते. २०२२ च्या उन्हाळ्यात मुलाच्या आजारपणात रिचार्ज राहून गेला. दोन-तीन महिन्यांनी लक्षात आलं तेव्हा नंबर कायमचा बंद पडला होता. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले ती उठूच शकले नाही. पोळ्यांच्या मावशी आल्या तेव्हा कुकर करपला होता आणि मी तिथंच होते. त्यांनी गॅस बंद केला, माझ्या शेजारी फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, माझी सून वायसीएम हॉस्पिटलला मनाच्या डॉक्टरकडं जाती. तुम्ही पण कुणाला तरी दाखवा." सव्वा वर्षात हे मला सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

समुपदेशनासाठी मी ज्या पहिल्या ठिकाणी गेले तिथं वीस मिनिटांत ऐकायला मिळालं की सकारात्मक राहा, मुलाकडे बघून जगा. मी रडत परत आले आणि ठरवलं, पुन्हा जायचं नाही. हे तुला मुद्दाम सांगतेय. एखाद्या ठिकाणी सूर जुळला नाही, तर याचा अर्थ समुपदेशन तुझ्यासाठी नाही असा होत नाही. चप्पल चावली म्हणून आपण अनवाणी राहत नाही, दुसरी घेतो.

दुसऱ्या ठिकाणी, चिंचवडला, ज्या बाई भेटल्या त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ते कसे होते? सांगा ना त्यांच्याबद्दल." मी गप्पच झाले. तोवर सगळ्यांनी विचारलं होतं, कसं झालं? कुठे होते? किती दिवस? ते गेले कसे हे सगळ्यांना हवं होतं, ते होते कसे हे कुणी विचारलंच नव्हतं. पाऊण तास मी बोलत होते. चहा बशीत ओतून प्यायचे इथपासून. त्यांनी सल्ला दिला नाही, मध्ये तोडलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. मी हसलेही एकदा. बाहेर आल्यावर भूक लागली होती, कितीतरी महिन्यांनी.

तिथं काय होतं ते सांगते, म्हणजे तुझी भीती जाईल. आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक भेट, पाऊण ते एक तासाची. खुर्च्या दोन, मध्ये रुमालांचा डबा. तू बोलशील ते बाहेर जात नाही, तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढा अपवाद, आणि तो पहिल्या दिवशीच सांगतात. पहिल्या एक-दोन भेटींनंतर उलट जास्त रडू येतं, दिवसभर थकायला होतं. गळू फुटतं तेव्हा दुखतं तसं. तिथं सोडून द्यायचं नाही.

माझ्या मनातली सगळ्यात जड गोष्ट होती ते तीन दिवस. घरी का ठेवलं? पहिल्याच दिवशी का नाही नेलं? हे मी कुणालाही बोलले नव्हते. बाईंनी मला कागदावर ते चार दिवस लिहायला लावले. सकाळ, दुपार, रात्र. प्रत्येकापुढे एकच प्रश्न : त्या वेळी तुम्हाला काय माहीत होतं? आज काय माहीत आहे ते नाही, त्या वेळी. पहिल्या दिवशी ताप शंभर, ऑक्सिजन ठीक, डॉक्टर फोनवर म्हणाले घरीच थांबा. दुसऱ्या दिवशीही तेच. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, जे माहीत होतं त्यात तिनं जे जमेल ते सगळं केलं होतं. अपराधी वाटणं त्या दिवशी संपलं नाही. पण त्यानंतर ते उठल्या-बसल्या माझ्या छातीवर बसायचं थांबलं. तूही रात्री स्वतःशी असा खटला चालवत असशील. त्याला जिममध्ये जाऊ दिलं नसतं तर, त्या दिवशी भांडले नसते तर. एकटीनं तो खटला चालवू नकोस. एकटीनं चालवलेल्या खटल्यात आपण नेहमी दोषीच ठरतो.

पुढे पितृपक्ष आला. बाईंनी विचारलं, यांना काही सांगायचं राहिलंय का? मी पत्र लिहिलं, पाच पानी. ते घेऊन आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर गेले. तुला आठवतंय ना, पिंड ठेवल्यावर कावळा शिवेना की घरातली माणसं पुढे होऊन मोठ्यानं बोलतात. मुलांना शिकवू, आईला सांभाळू, काळजी करू नकोस. इतकी वर्षं मला ते कावळ्यासाठी वाटायचं. त्या दिवशी पान ठेवून मीही बोलले. मुलाला शिकवीन म्हणाले, आईंना सोडणार नाही म्हणाले, आणि हेही म्हणाले की मला तुमचा राग आलाय, असं कसं गेलात. कावळा आला, थोड्या वेळानं. पण मी हलकी झाले होते ती त्याआधीच. राहिलेलं बोलणं बोलून झालं होतं. तेव्हा मला उमगलं की चिंचवडच्या त्या खोलीत महिनोन् महिने मी हेच करत होते. आपल्या घाटाला जे हजारो वर्षं माहीत आहे, तेच ती खोली करते.

आता काही समजुतींबद्दल. तुला कुणीतरी दुःखाच्या पाच पायऱ्या पाठवल्या असतील व्हॉट्सॲपवर. नाकारणं, राग, देवाशी घासाघीस, खिन्नता आणि मग स्वीकार. तू चौथीवरून पुन्हा दुसरीवर आलीस म्हणून स्वतःला नापास करू नकोस. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ च्या पुस्तकात ते लिहिलं ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीची ती परीक्षा नव्हे. मला पटलं ते दुसरंच. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की दुःख झोक्यासारखं चालतं. एकदा त्या माणसाकडे जातं, त्याचा शर्ट हुंगतं, रडतं. मग जगण्याकडे येतं, बिल भरतं, सिरियल बघतं, हसतं. पुन्हा तिकडे. या दोन्ही टोकांना जाणं हेच बरं होणं. तेव्हा ऑफिसात कुणाच्या बोलण्यावर हसलीस तर त्याच्याशी बेइमानी झाली असं समजू नकोस, आणि संध्याकाळी पुन्हा रडलीस तर मागे गेलीस असंही नाही.

'विसर आता' हे वाक्य तर मनावर घेऊच नकोस. न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ ला गेले. रमाबाई मुंबईहून पुण्याच्या घरी आल्या आणि वर्षभर जगापासून दूर राहिल्या. त्याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' छापून आलं. नऊ वर्षांनीही त्या नवऱ्याला विसरल्या नव्हत्या. त्याला सोबत घेऊनच त्या पुढे गेल्या. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, हे डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुस्तकात मांडलं. रमाबाईंनी ते जगून दाखवलं होतं. तूही आठवणी लिही. मोठं काही नको. रोज एक ओळ, लेकीसाठी. तिला बाबा कसे होते ते तुझ्याकडूनच कळणार आहे.

लेकीचं बोलू या. तिला अजून 'बाबा देवाघरी गेलेत' असंच सांगितलंयस ना? सहा वर्षांच्या पोरीला वाटतं, गेलेत म्हणजे येतील. नाहीतर वाटतं, माझ्यावर रागावून गेले. माझ्या मुलानं मला दोन वर्षांनी सांगितलं की त्या आठवड्यात त्यानं सायकलसाठी हट्ट केला होता, म्हणून बाबा आजारी पडले असं त्याला वाटत होतं. दोन वर्षं हे ओझं घेऊन ते लेकरू शाळेत जात होतं. म्हणून साध्या शब्दांत खरं सांग. बाबांचं हृदय बंद पडलं, ते मरण पावले, ते परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही, आणि मी आहे. ती ऐकेल आणि पाच मिनिटांत खेळायला पळेल. तिला मन नाही असं समजू नकोस. मुलं दुःखात थोडं पाय बुडवतात आणि बाहेर येतात. तिच्यासमोर रडलीस तर चालतं, नंतर डोळे पुसून सांग की आईला बाबांची आठवण आली. शाळेतल्या बाईंना सगळं माहीत असू दे. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांनाही.

आणि सासूबाई. टू बीएचकेमध्ये दोन बायका, दोन्ही बाथरूममध्ये नळ सोडून रडतात. एक नवऱ्यासाठी, एक पोटच्या पोरासाठी. आमच्याकडे असंच चाललं होतं. त्या रडू नयेत म्हणून मी रडत नव्हते, मी रडू नये म्हणून त्या. एका संध्याकाळी मी यांच्या आवडीची मटकीची उसळ केली आणि ताटावर बसल्यावर म्हटलं, "आई, यांना यात लिंबू लागायचं." त्या म्हणाल्या, "लहानपणी दोन-दोन पिळायचा." त्या रात्री आम्ही दोघी जेवताना रडलो आणि जेवलोही. त्या कधी काही टोचून बोलल्या तर लगेच उत्तर देऊ नकोस. ते बोलणं पुष्कळदा सुनेशी नसतं, नशिबाशी असतं. तरी सहन होईनासं झालं तर तेही त्या खोलीत बोलायचं.

तुझं कपाळ त्या दिवशी मी पाहिलं. टिकलीची जागा रिकामी होती आणि तू पदर ओढून घेतला होतास. कुणी काही म्हणालं का गं? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात होणार नाही म्हणून. १७ मे ला सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याच वाटेनं जायला सांगितलं. एक खेडं एवढं करू शकतं, तर तुझी टिकली हा तुझा प्रश्न आहे. लावावीशी वाटली तर लाव. नको वाटत असेल तर तेही तुझंच. हळदीकुंकवाला मी बोलावणार आहे, तू ये.

कागदांचं थोडक्यात सांगते. मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेव, प्रत्येक ठिकाणी मागतात. एका दिवशी एकच काम, आणि सोबत कुणीतरी घे, कारण खिडकीपलीकडचा माणूस 'मयताचं नाव?' असं विचारतो तेव्हा पाय लटपटतात. त्याच्या कंपनीच्या एचआरला पीएफ, वारसाची पेन्शन आणि पीएफशी जोडलेला विमा या तिन्हींबद्दल विचार. त्या विम्याची रक्कम ७ लाखांपर्यंत असू शकते, आणि पुष्कळ घरांना ती माहीतच नसते. त्याचा फोन नंबर मात्र बंद होऊ देऊ नकोस. आधी सगळीकडे तुझा नंबर लाव, त्याचे आवाज, फोटो, मेसेज दुसरीकडे उतरवून ठेव. मग कधी बंद करायचा ते तुझ्या मनानं ठरव. यांच्या नंबरासारखा तो एके दिवशी आपोआप जाऊ नये.

आता जायचं कुठे ते. तुझ्या हिंजवडीच्या कंपनीत एचआरकडे विचार, कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय आहे का. बऱ्याच आयटी कंपन्यांनी बाहेरच्या संस्थांशी करार केलेला असतो, ठरावीक भेटी मोफत असतात. बोललेलं साहेबांपर्यंत जातं का, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घे. पैशांची ओढाताण असेल तर पिंपरीत संत तुकारामनगरला पालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, आपलं वायसीएम. तिथं केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं. खासगीत जाणार असशील तर शिक्षण विचार, फी विचार, जवळच्याच्या मृत्यूनंतर आलेल्या माणसांबरोबर काम केलंय का ते विचार. यात भीड धरायची नाही. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून मदत करतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते गरज पडली तर औषधही देतात. मला चार महिने झोपेसाठी आणि उदासीसाठी गोळ्या होत्या, डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून बंद केल्या. त्याची मला लाज वाटत नाही, तूही वाटून घेऊ नकोस. फक्त मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून झोपेची गोळी आणायची नाही.

कुणाला तोंड दाखवायचंच नसेल, तर फोन आहे. सरकारची टेली मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. मोफत, रात्रंदिवस, आणि मराठीत बोलता येतं. पहाटे तीनला झोप मोडते तेव्हा मला फोन करायला तू संकोचशील, त्यांना करायला संकोचू नकोस.

'पण मी आजारी आहे का?' असं तू म्हणशील. नाहीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता लांबलेल्या शोकाला जागा दिली आहे, पण तिथंही निदान किमान सहा महिने उलटून गेल्यावर करतात, आणि तेही ओढ इतकी तीव्र असेल की रोजचं जगणंच अडून राहावं. तू अजून त्या उंबऱ्याच्या अलीकडे आहेस. पण आजारी असल्याशिवाय सोबत मागू नये असा नियम कुठे आहे? बाळंतपण हा आजार नव्हे, तरी आपण सुईणीला बोलावतच होतो ना.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. 'त्याच्याकडेच जावं' असं कधी मनात आलं असेल, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. मला आलं होतं. गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढताना. मी कुणाला सांगितलं नाही आणि पुष्कळ दिवस गॅलरीत गेले नाही, एवढीच अक्कल तेव्हा सुचली. आज तसं मनात आलं तर १४४१६ फिरवीन, नाहीतर शेजारची बेल वाजवीन. तू माझी बेल वाजव. रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही. गोळ्या घरात असतील तर त्या सासूबाईंच्या कपाटात ठेव, एकटी राहू नकोस. आणि वेळच आली तर १०८ ला गाडी बोलवायची. असं वाटणं हे पाप नाही, ते मनाच्या थकव्याचं टोक आहे, आणि त्या टोकावरून माणसं परत येतात. मी आले.

पाच वर्षं होत आली मला. दुःख गेलं का? नाही गं. दिवाळीत उटणं कालवताना अजून हात थांबतो. पण तेव्हा ते घरभर पसरलेलं होतं, आता त्याला घरात एक जागा आहे. साडेचार वाजता मी गॅलरीत जाते, चौकातून येणाऱ्या कंपनीच्या बसचा आवाज ऐकते, आणि चहा टाकते. बशीत ओतून पिते.

शनिवारी तुला सुट्टी असते. लेकीला घेऊन साडेचारला ये. माझ्या मुलानं तिच्यासाठी जुनी सायकल पुसून ठेवलीये, ती खाली पार्किंगमध्ये खेळेल. आपण चहा घेऊ, आणि तो कसा होता ते मला सांग. मी त्याला फक्त लिफ्टमध्ये भेटलेय. मग एचआरला करायचा तो फोन तिथंच बसून कर, मी शेजारी असेन. पहिल्या भेटीला मी तुझ्याबरोबर येते. आत येणार नाही, बाहेरच्या बाकावर बसते. तू बाहेर येशील तेव्हा मी तिथंच असेन.